झाडावरचा कापूस आणि माळेतला जोड

डिसेंबर लागला की आमच्या खान्देशात दोन गोष्टी एकाच वेळी घरात मुक्कामाला असतात. एक म्हणजे वेचलेला कापूस. भाव चढेल या आशेवर शेतकरी तो लगेच मोजून देत नाही. पुढच्या खोलीत, पडवीत, जागा असेल तिथे छताला टेकेपर्यंत भरून ठेवतो. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांच्याकडे नाताळ असतो त्यांच्या घरातलं झाड. भुसावळच्या रेल्वे वस्तीत, जळगाव-धुळ्याच्या चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, जिथे ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, हे झाड दरवर्षी उभं राहतं. अलीकडे ज्यांच्याकडे नाताळ नसतो त्यांच्याही घरी मुलांच्या हट्टामुळे हात-दीड हात उंचीचं प्लास्टिकचं झाड येतं. चांगलं आहे. सण घरात आला की मुलं खूश असतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या मावशींकडे झाड बघायला गेले होते. मावशींची शेती आहे, कापूस घरचाच. त्यांनी त्याचे छोटे छोटे पुंजके करून फांद्यांवर बर्फासारखे ठेवले होते. मध्ये रंगीत बल्बची माळ आणि टोकाला कागदी तारा, आत पिवळा बल्ब. दिसायला इतकं गोड की कुणीही थांबून बघावं. मी एक पुंजका सहज उचलला. वरून पांढराशुभ्र, पण खालची बाजू चहाचा डाग पडावा तशी तांबूस. मावशी म्हणाल्या, “कवडी आली असेल एखादी, घरचाच आहे ना कापूस.” कवडी म्हणजे डाग पडलेला, खराब कापूस. मी पुंजक्याच्या जागी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तिथे ताऱ्याची वायर माळेच्या वायरला पिळून जोडली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. तो जोड चटका बसेल इतका तापला होता. कापूस कवडी नव्हता. तो भाजला जात होता.

तेव्हापासून मी नाताळच्या आधी ओळखीच्या घरांत जाऊन झाडं बघते. बघता बघता लक्षात आलं की आगीबद्दल शेतात, जिनात (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) आणि चुलीपुढे आपल्याला जे पक्कं ठाऊक असतं, तेच बैठकीच्या खोलीत सजावट करताना आपण विसरतो.

कापसापासूनच सुरुवात करते.

आपण म्हणतो लाकूड जळतं, कापूस जळतो. खरं तर ज्वाळा असते ती वायूची. लाकूड, कापूस, कागद या सगळ्यांत मुख्य पदार्थ एकच, सेल्युलोज. तो दोनशे अंशांच्या पुढे तापला की तुटायला लागतो, त्यातून जळणारे वायू निघतात आणि ते हवेत मिसळून पेट घेतात. पण त्या आधी एक पायरी आहे. पदार्थात पाणी असेल तर आधी ते पाणी उडून जावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २२५० किलोज्यूल उष्णता लागते, आणि तोवर तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. म्हणून ओली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्या, चुलीत घातली की नुसता धूर होतो, डोळे चुरचुरतात, फुंकून फुंकून जीव जातो. तीच पऱ्हाटी फाल्गुनात एका काडीवर पेटते. झाड तेच, काडी तीच. मधलं पाणी गेलं, एवढाच फरक.

कापसात पाणी जेमतेम असतं आणि वर तो पिंजलेला असतो. पुंजक्याच्या आत बहुतेक जागा हवेनेच भरलेली असते. म्हणजे जळण आणि जळणाला लागणारी हवा आधीच एकमेकांत मिसळून ठेवलेली. बारीक तंतूंना तापायला वेळ लागत नाही, कारण प्रत्येक तंतूचं वजन नगण्य आणि पृष्ठभाग मोठा. एक जाड ओंडका काडीने पेटत नाही, पण त्याचाच भुसा पेटतो, ते याच कारणाने.

आणि कापसाची दुसरी खोड जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला विचारा. कापूस ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसतो. ढिगात ठिणगी शिरली तर वरून काही कळत नाही, तासन्तास जळका वास येत राहतो आणि मग कुणी ढीग उपसला की हवा मिळून एकदम भडका होतो. वरून मारलेलं पाणीही आत नीट पोहोचत नाही. म्हणून जिनात विडी-काडी आत नेऊ देत नाहीत. असाच कापूस आपण माळेच्या वायरवर ठेवतो, आणि बाजूच्या खोलीत त्याच कापसाचे क्विंटलच्या क्विंटल भरलेले असतात. ज्या घरात कापूस साठवला आहे तिथे झाड त्या खोलीत नको, त्या खोलीच्या दाराशी नको, आणि ज्या भिंतीला कापूस टेकलाय त्या भिंतीवरच्या बोर्डातून झाडाला वीज नको. एवढ्या एका बाबतीत मी कुणाशीही हुज्जत घालायला तयार असते.

बर्फ हवाच असेल तर त्याला आपल्याकडे साधा उपाय आहे. पांढरी रांगोळी. ती दगडाची पूड, ती जळत नाही. फांद्यांच्या टोकांना पातळ डिंक लावायचा आणि अंगणात उभं राहून वरून रांगोळी भुरभुरायची. बारीक धूळ मुलांच्या नाकात जाऊ नये म्हणून हे काम घराबाहेर करायचं, वाळलं की झाड आत आणायचं. डब्यातून फवारायचा तयार बर्फही बाजारात मिळतो, पण तशा बऱ्याच डब्यांत फवारा बाहेर ढकलायला आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचा जळणारा वायू भरलेला असतो. तो बंद खोलीत, पेटत्या मेणबत्तीजवळ किंवा चालू माळेवर मारू नये.

आता झाड.

युरोप-अमेरिकेत सूचिपर्णी झाड तोडून घरात आणतात. त्याच्या सुयांत पाणी असेपर्यंत ते सहजासहजी पेटत नाही. सुकलं की मात्र गोष्ट पूर्ण बदलते, कारण सुया बारीक असतात आणि त्यांत राळेचा अंश असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने याचे प्रयोग केले आहेत. सुकलेलं पाइनचं झाड पेटवल्यावर ते तीन सेकंदांत पूर्ण पेटलं आणि चाळीस सेकंदांच्या आसपास अख्खी खोली एकाच वेळी भडकली. सोफा, गालिचा यांना ज्वाळा लागलीसुद्धा नव्हती. छताशी साठलेल्या तप्त वायूंच्या नुसत्या आचेने ते पेटले. रोज पाणी दिलेल्या झाडाला मात्र पेटवूनही आग नीट धरत नाही. अमेरिकेत घरातल्या अशा झाडांपासून आग लागण्याच्या घटना वर्षाला दीडशेच्या आसपास नोंदल्या जातात. एवढ्या मोठ्या देशासाठी हा आकडा लहान आहे, पण आग इतकी झपाट्याने पसरते की माणसाला उठून दारापर्यंत जायला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे ते झाड मिळत नाही. कुणी सुरूची फांदी आणतं, कुणी मोरपंखीची, कुणी बांधावरच्या निलगिरीची. निलगिरीच्या पानात तेल असतं आणि त्याची वाफ चटकन पेट घेते, त्यामुळे ती फांदी विजेच्या माळेसाठी मला अजिबात पसंत नाही. सुरू किंवा मोरपंखी आणायचीच असेल तर नाताळच्या दोन-तीन दिवस आधी आणा, पंधरा दिवस आधी नको. आपल्याकडचा हिवाळा कोरडा. ओठ फुटतात, टाचा फुटतात, तशी फांदीही सुकते. घरी आणल्यावर बुंधा खालून दोन बोटं पुन्हा कापायचा, कारण तोडलेल्या जागी चीक सुकून पाणी वर चढायची वाट बंद होते. मग ती ओल्या वाळूच्या बादलीत रोवायची आणि रोज पाणी घालायचं. फांदी चिमटीत धरून ओढली आणि पानं हातात आली की तिच्यावरची माळ त्याच दिवशी उतरवायची.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीतलं जे झाड मिळतं ते अरौकेरिया. ते जिवंत, मुळांवर असलेलं, म्हणून पाण्याने भरलेलं. माझ्या मते आपल्या भागात याच्याहून चांगला पर्याय नाही. फक्त जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा त्याला सावली द्यायची. नीट सांभाळलं तर तेच झाड पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतं, थोडं उंच होऊन.

माळेविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण खरा छुपा धोका तिच्यात असतो.

झाडावर पूर्वी मेणबत्त्या लावायचे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर विजेचे ८० छोटे दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे. तिथून विजेच्या माळा सुरू झाल्या. उघडी ज्योत गेली हे फार चांगलं झालं. पण ज्योत दिसते, करंट दिसत नाही.

आपल्याकडची जुनी बल्बची माळ घ्या, जिला आपण सिरीज म्हणतो. घरातला दाब २३० व्होल्ट. एकेक बल्ब ६ व्होल्टचा. मग असे ३८ बल्ब एकापाठोपाठ एक जोडले की दाब सगळ्यांत वाटला जातो. आता दोन-चार बल्ब गेले. आपण काय करतो? गेलेला बल्ब कापून टाकतो आणि दोन्ही वायरी पिळून जोडतो. माळ पुन्हा लागते, आपण समाधानी. असं करत करत ३८ चे ३० उरतात. दाब तेवढाच, वाटेकरी कमी. प्रत्येकाच्या वाट्याला आता साडेसात व्होल्टच्या वर येतात. बल्ब जास्त उजेड देतो, जास्त तापतो, लवकर जातो, आपण तोही कापतो. माळ जितकी जुनी तितकी तापट होते, ती अशी. शिवाय प्रत्येक कापलेल्या जागी एक पिळलेला जोड तयार होतो.

असाच एक पिळलेला जोड मावशींच्या झाडावर होता. तिथे नेमकं काय चाललं होतं ते सांगते. पिळलेल्या वायरी एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत. तांब्यावर काळपट थर चढतो, वीज जायला जागा अरुंद होते आणि त्या अरुंद जागेत उष्णता तयार होते. ताऱ्यातला साठ वॅटचा बल्ब त्याच जोडातून वीज घेत होता. जोड बिघडत गेला तर त्या साठातले दहा-पंधरा वॅट त्या एका टिचभर जागेत खर्च होऊ शकतात. दहा-पंधरा वॅट ऐकायला काहीच नाही. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची कांडी पंचवीस वॅटची असते आणि ती शिसं-कथील वितळवते. थोडी उष्णता अगदी लहान जागेत कोंडली की पुरते. आणि कापसाने तिच्यावर गोधडी घातली होती, त्यामुळे ती बाहेरही जात नव्हती.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे ना, खटका पडेल.” हे मला प्रत्येक घरी ऐकायला मिळतं. नाही पडणार. एमसीबी बघतो की ठरलेल्यापेक्षा जास्त करंट जातोय का. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे साधारण १३८० वॅटपर्यंत तो गप्प. तो भिंतीतल्या वायरीचं रक्षण करण्यासाठी आहे, माळेच्या केसाएवढ्या वायरीचं नाही. खराब जोडातून तर करंट उलट थोडा कमीच जातो, मग खटका कशाला पडेल? आणि तो दुसरा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी? तो बघतो की गेलेला करंट सगळा परत आला का, की कुठे जमिनीत गळतोय. जोडातून गळती नाही, त्यामुळे तोही गप्प. दोन्ही पहारेकरी चोख, पण चोर त्यांच्या वाटेने येतच नाही. आपल्या प्लगमध्ये ब्रिटनसारखा फ्यूजही नसतो. म्हणजे त्या जोडाकडे लक्ष ठेवणारं घरात एकच साधन असतं, आपला हात आणि आपलं नाक. माळ लावल्यावर अर्ध्या तासाने बंद करायची, प्लग काढायचा, आणि मग वायरीवरून, जोडांवरून, प्लगवरून हात फिरवायचा. कोमट ठीक. हात ठेवता येत नसेल तर ती माळ संपली.

तरीही आरसीसीबी घरात हवाच, कारण शॉकपासून वाचवणारा तोच. माळेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की बल्ब इवलासा, मग त्यातला करंट तो कितीसा? हिशोब करू. दहा वॅटची एलईडी माळ २३० व्होल्टवर साधारण ४३ मिलिअँपिअर घेते. आणि छातीतून तीसच्या वर मिलिअँपिअर काही क्षण जरी गेले तरी जिवावर बेतू शकतं, म्हणूनच आरसीसीबी तीसवर लावलेला असतो. त्यात आणखी एक. सिरीजमधला एक बल्ब होल्डरमधून काढला की माळ विझते आणि आपल्याला वाटतं वीज गेली. प्रत्यक्षात त्या रिकाम्या होल्डरच्या दोन पत्र्यांमध्ये आता पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात, कारण दाब वाटून घेणारं मध्ये कुणी उरलेलं नसतं. विझलेल्या माळेत बोट घालणारं लहान मूल, पाय शेणाने सारवलेल्या ओलसर जमिनीवर. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला झोप लागत नाही. माळ विझली की आधी प्लग काढायचा, मग बल्ब बघायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कित्येक घरांत बटण वीज आणणाऱ्या वायरीऐवजी (फेज) परत नेणाऱ्या वायरीवर (न्यूट्रल) लागलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद असूनही माळेत फेज येतच राहतो.

ओल्या वाळूच्या बादलीबद्दलही हेच. माळ बुंध्याच्या वरच संपवायची. बादलीपाशी जोड, कंट्रोलरची डबी किंवा एक्स्टेंशन बोर्ड नको. झाडाला पाणी घालताना माळ बंद.

आणि आगकाडी. हे मी खान्देशात इतक्या घरांत पाहिलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. माळेला पिन नसते किंवा तुटलेली असते, म्हणून वायरीची सोललेली टोकं सॉकेटच्या भोकांत घालून आगकाड्या खोचतात. काडी हलली की टोक सैल होतं, चर्रचर्र आवाज येतो, ठिणग्या पडतात. ठिणग्या पडणाऱ्या जागी आपण आपल्याच हाताने काडेपेटीतली काडी लावून ठेवलेली असते. दोन पिनांचा साधा प्लग दहा-वीस रुपयांना मिळतो.

थंडीमुळे एक गुंतागुंत आणखी होते. डिसेंबरात पाणी तापवायला बादलीतला हीटर चालू असतो. दीड हजार वॅटचा हीटर एकटाच साडेसहा अँपिअर खेचतो. तो आणि झाड, तारा, टीव्ही एकाच एक्स्टेंशनवर असतील तर आधी एक्स्टेंशनची वायर आणि सॉकेट तापतात. हीटरला स्वतःचा जाड पिनांचा सोळा अँपिअरचा सॉकेट द्यायचा.

ताऱ्याचं थोडक्यात: कागदी ताऱ्यात पिवळा बल्ब लावूच नका. साठ वॅटच्या बल्बची काच हात ठेवता येणार नाही इतकी तापते, आणि रोज चार-पाच तास तापणारा कागद आधी पिवळट, मग तांबूस होत जातो. असा भाजलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा कमी तापमानाला पेटतो. तीन-पाच वॅटचा एलईडी बल्ब ताऱ्याला पुरेल एवढा छान उजेड देतो.

प्लास्टिकचं झाड घेतलं म्हणजे आगीची काळजी मिटली, असं दुकानदार सांगतो. ते अर्धंच खरं आहे. हिरव्या सुया बहुतेक वेळा पीव्हीसीच्या असतात, म्हणजे आपल्या शेतातल्या पाइपाच्याच जातीच्या. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरीन असतो, म्हणून ते सहज पेट घेत नाही. पण बाजूच्या कापसाने, पडद्याने ते पेटवलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. घशातल्या ओलाव्याला लागला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. त्या धुरात दोन श्वासही कठीण.

दुसरा मुद्दा शिशाचा. पीव्हीसी उन्हाने आणि उष्णतेने तुटत जातं. ते टिकावं म्हणून त्यात स्थिर ठेवणारं रसायन घालतात आणि स्वस्त पडतं म्हणून कित्येक वर्षं शिशाची संयुगं वापरली गेली. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशावर नियम आणले ते याच कारणाने. झाडाचं प्लास्टिक जुनं होऊन भुरभुरीत झालं की त्याची धूळ पडते, आणि धुळीत शिसं असू शकतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ॲशव्हिल इथल्या संशोधकांनी २००४ मध्ये हे तपासलं. बहुतेक झाडांपासून फार धोका नाही, पण वाईटातल्या वाईट परिस्थितीत लहान मुलांना तो बराच असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. रांगणारं बाळ खाली पडलेलं सगळं तोंडात घालतं आणि शिसं वाढत्या मेंदूवर परिणाम करतं, म्हणून मी हा मुद्दा हलका मानत नाही. झाड हाताळल्यावर हात धुवायचे, खालची जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची आणि सुया हाताला लागून तुटायला लागल्या की ते झाड निरोप देण्याजोगं झालं असं समजायचं. चमचमत्या झालरींचं म्हणाल तर अमेरिकेत त्या एकेकाळी चक्क शिशाच्या असत, १९७२ च्या सुमारास त्या बंद झाल्या. आताच्या झालरी प्लास्टिकच्या आहेत. घरात मांजर असेल तर खालच्या फांद्यांवर त्या नकोत, गिळलेली झालर आतड्यात अडकते.

गव्हाणीकडेही बघायला हवं. बाळ येशूचा गोठा आपल्याकडे खरोखर सुंदर करतात, कडब्याचा, गवताचा, पऱ्हाटीच्या काड्यांचा. त्यात पणती किंवा मेणबत्ती मात्र लावू नका. गोठ्याला आग लागली तर काय होतं हे शेतकऱ्याच्या घरात सांगायची गरज नाही. आणि हिरवळ म्हणून कण्हेरीच्या डहाळ्या खोचू नका. तिचं पान, फूल, देठ, सगळं हृदयावर परिणाम करणारं विष आहे आणि पिवळ्या कण्हेरीची बी तर त्याहून वाईट. लाल पानांचं पॉइन्सेटिया कुंडीत आणलं तर चालेल. त्याचा चीक त्वचेला खाजवतो एवढंच, लोक समजतात तितकं ते विषारी नाही.

सगळ्यात लहान वस्तू सगळ्यात जास्त घात करते. गाणं म्हणणारा सांताक्लॉज, लुकलुकणारी टोपी, एलईडीची खोटी मेणबत्ती, या सगळ्यांत रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. बहुतेक तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटरचा. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या मांसातून त्याचा करंट सुरू होतो. सेलच्या ऋण टोकापाशी क्षार तयार होतो, कॉस्टिक सोड्याच्या जातीचा, आणि तो मांस विरघळवायला लागतो. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. सेलमधून काही गळावं लागत नाही, वापरून झालेला सेलही हे करू शकतो. मुलाला त्या वेळी फक्त लाळ गळते, खोकला येतो, जेवण नको होतं. आपल्याला वाटतं सर्दी झाली.

शंका आली तर उलटी करवायची नाही, केळं-भात भरवायचा नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात, जिथे एक्स-रे आणि दुर्बीण आहे तिथे. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देत जावा, सहा वेळांपर्यंत. मध क्षाराचा जोर कमी करतो. मध शोधण्यासाठी मात्र थांबायचं नाही. खेळणं घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का एवढं दुकानातच बघा. नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल तर ते खेळणं परत ठेवा.

बुरशीचा त्रास ओल्या, बंद घरांत जास्त. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका पाहणीत खऱ्या झाडाच्या खोलीतल्या हवेत पहिले तीन दिवस घनमीटरला ८०० असलेले बुरशीचे बीजकण चौदाव्या दिवशी ५००० वर गेले होते. आपल्या कोरड्या हवेत, दारं-खिडक्या उघड्या असताना याची एवढी भीती नाही. दम्याचा पेशंट असेल तर प्लास्टिकचं झाड माळ्यावरून काढल्यावर आधी अंगणात झटकून, पुसून मगच आत आणा. वर्षभराची धूळ तिथेच राहते.

आणि तरीही पेटलंच तर? पहिल्या काही सेकंदांत, आग अजून वीतभर असेल तरच विझवायला जायचं. मेन स्विच बंद करायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही, कारण मेन पाडल्यावरही इन्व्हर्टर माळेला वीज देत राहतो. चालू विजेवर पाणी नको, कोरड्या वाळूची बादली जवळ असेल तर ती वाळू टाका. झाडाच्या शेंड्यापर्यंत ज्वाळा गेली असेल तर काहीही न उचलता, वाकून, मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि दार ओढून घ्यायचं. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, आणि दोन्ही आठवले नाहीत तर ११२. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांतलं काहीही लावायचं नाही. शॉक बसून माणूस वायरीला चिकटला असेल तर आधी वीज तोडायची, हात लावायचा नाही.

जानेवारीत झाड उतरवतानाही दोन गोष्टी बघायच्या. माळ गोळा करून पोत्यात कोंबली की उंदीर तिचं प्लास्टिक कुरतडतात आणि पुढच्या वर्षी उघडं तांबं आपल्या बोटाला लागतं. पुठ्ठ्यावर गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि जुनं प्लास्टिकचं झाड शेकोटीत टाकू नका. तुकडे करून बंबाखालीही घालू नका. खान्देशातल्या थंडीत हाताला लागेल ते शेकोटीत जातं, मला माहीत आहे, पण त्या धुराभोवती शेकायला मुलंच सगळ्यात जवळ बसलेली असतात.

मावशींच्या झाडाचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी आम्ही माळ उतरवली. त्यांचा मुलगा रेल्वेत वायरमन आहे, त्याने तो जोड कापून माझ्या हातावर ठेवला. चिकटपट्टी वितळून तांब्याला चिकटली होती आणि तांबं काळं पडलं होतं. तो तुकडा आणि तो तांबूस पुंजका मी काचेच्या बरणीत घालून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. यंदा मावशींनी अरौकेरियाची कुंडी आणली. मागच्या आठवड्यात अंगणात बसून आम्ही दोघींनी तिच्या फांद्यांवर रांगोळी भुरभुरली. कापूस त्यांनी मागच्या खोलीत भरलाय, आणि त्या खोलीतला बल्बसुद्धा काढून ठेवलाय.